मेनलाइनवर पहिला बोर्ड चढवताना आधी सिरीयल अडॅप्टर तपासा

रॉकचिप कंपनीच्या आरके3399 चिपचा छोटा संगणक-बोर्ड मेनलाइन लिनक्सवर (कंपनीने बदललेल्या नव्हे, मूळ कर्नलवर) चालवायचं मनात असेल, तर डिव्हाइस ट्रीला (बोर्डावर कुठलं हार्डवेअर कुठे आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलला) हात लावण्याआधी सिरीयल अडॅप्टर, म्हणजे बोर्डाचे बूटचे संदेश आपल्या संगणकावर दाखवणारा जोड, तपासा. माझे तीन आठवडे तिथेच गेले. आजही आठवलं की जीव हळहळतो.

बऱ्याच बोर्डांचा कन्सोल 1,15,200 बॉडवर (सेकंदाला इतके बिट या वेगाने) बोलतो, रॉकचिपचा सहसा 15,00,000 वर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला माझा अडॅप्टर 9,21,600 च्या वर जातच नव्हता. टर्मिनलमध्ये 15,00,000 टाकलं तरी कसलीच तक्रार येत नव्हती. ड्रायव्हर न सांगता त्याला झेपेल तोच वेग लावत होता. स्क्रीनवर दोन ओळी चौकोन आणि प्रश्नचिन्हं, मग शांतता. अडॅप्टरचे टीएक्स-आरएक्स (पाठवायची आणि घ्यायची पिन) एकमेकांना जोडून पाहिले, तर टाइप केलेलं अक्षर जसंच्या तसं परत आलं आणि अडॅप्टरवरचा संशयच फिटला. इथेच मी फसलो. या चाचणीत पाठवणाराही तोच आणि ऐकणाराही तोच. दोन्ही बाजूंना एकच चुकीचा वेग, मग अक्षर बरोबरच येणार.

रॅमच सुरू होत नाही असं धरून मी यू-बूट (कर्नल चढवणारा बूटलोडर) पुन्हा पुन्हा कंपाइल करत बसलो. कार्डावर सेक्टर 64 ला आयडीबीलोडर (बूटचा पहिला टप्पा), 16384 ला यू-बूट, सगळं तीनतीनदा मोजलं. शेवटी एफटी232आर चिपचा अडॅप्टर लावला आणि दिसलं, की कर्नल व्यवस्थित सुरू होऊन रूट डिव्हाइसची (ज्यावर बाकीची सिस्टीम आहे त्या कार्डाची) वाट बघत थांबला आहे. कंपनीच्या 4.4 कर्नलमध्ये कार्डाचा जो क्रमांक होता, तो मेनलाइनमध्ये बदलला होता. रूटला क्रमांकाऐवजी पार्टयूयूआयडी (पार्टिशनची न बदलणारी ओळख) दिला आणि पाच मिनिटांत लॉगिन आलं.

तेव्हा अडॅप्टर घेताना चिपची डेटाशीट उघडून कमाल बॉड रेट बघा. सिग्नल 3.3 व्होल्टचाच हवा, 5 चा लावलात तर बोर्ड जाऊ शकतो.

कंपनीची डिव्हाइस ट्री उचलून मेनलाइनमध्ये चिकटवू नका. बाइंडिंग (हार्डवेअरचं वर्णन कसं लिहायचं त्याचे नियम) वेगळ्या असतात, कंपॅटिबल स्ट्रिंगही (कोणता ड्रायव्हर लावायचा ते सांगणारं नाव). याच चिपच्या रॉकप्रो64 बोर्डाची फाइल मेनलाइनमध्येच आहे. ती आणि आपल्या बोर्डाचं स्किमॅटिक (सर्किटचा नकाशा) शेजारी ठेवून एकेक पिन जुळवा. वेळ लागतो, पण हात त्यानेच बसतो.

मार्गदर्शक शोधण्यात महिने घालवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. खासगी मेसेजना मला कधीच उत्तर आलं नाही. पूर्ण बूट लॉग जोडून कर्नलच्या मेलिंग लिस्टवर (सगळ्यांना जाणाऱ्या ईमेल चर्चेत) विचारलं, की अनोळखी माणसंही वेळ काढून सांगायची.

सी भाषा फारशी येत नाही म्हणून मागे राहू नका. अवघड कामं बरीचशी झालेली आहेत. या चिपच्या माली जीपीयूसाठी (ग्राफिक्सच्या भागासाठी) पॅनफ्रॉस्ट ड्रायव्हर 2019 मध्येच, 5.2 कर्नलमध्ये आला. माझा पहिला पॅच (कोडमधला बदल) फक्त एका एलईडीचा होता. पोलॅरिटी (दिवा सिग्नल वर असताना लागतो की खाली) उलटी लिहिली होती, मग बाइंडिंगची तपासणी न चालवताच पाठवला. तिसऱ्या आवृत्तीत स्वीकारला गेला.