म्हाताऱ्या माणसांची तुटक झोप: आधी अंथरुणातला वेळ कमी करा

गावाकडं साडेसातला जेवणं उरकतात, आठला आजोबा आडवे होतात. दोनला जाग येते, मग पाचपर्यंत कूस बदलणं. साडेपाच तासांची झोप नऊ तासांवर पसरली की ती विरळ होऊन तुटणारच.

आधी दोन आठवडे नोंद ठेवा. रोज सकाळच्या चहाला विचारून कॅलेंडरवर लिहा: आडवे कधी झाले, डोळा कधी लागला, मधे किती वेळ जागे होते, उठले कधी. अंदाज पुरतो, रात्री घड्याळ बघायचं नाही.

सरासरी झोपेत अर्धा तास मिळवा. साडेपाच तासांचे झाले सहा. पाचला उठायचं, तर अंथरुणावर अकराला. झोप चारच तास असली तरी अंथरुणातला वेळ सहा तासांच्या खाली आणू नका. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ बदलायची नाही.

खरी कसोटी आठ ते अकराची. घर निजलेलं असतं आणि भिंतीला टेकलं की डुलकी लागते. ही दहा मिनिटांची डुलकी पुढची झोप खाते. म्हणून दिवस मावळेपर्यंत ओट्यावर उजेडात बसवा, जेवणानंतर शेंगा फोडणं, वाती वळणं असं हाताला काम द्या. भजन असेल तर उत्तमच. दुपारी पडलंच तर तीनच्या आत, अर्ध्या तासापुरतं. संध्याकाळनंतर चहा, तंबाखू, मिश्री नको.

रात्री साधारण वीस मिनिटं झोप येईना, तर उठून खुर्चीवर बसावं; डोळे जड झाले की परत. घर एकाच खोलीचं असलं तरी अंथरूण सोडायचंच. पडण्याचा धोका मोठा, म्हणून उशाशी बॅटरी, हाताशी काठी, वाट मोकळी.

आठवड्यानं हिशोब करा. सहा तासांतले पाच तास दहा मिनिटं, म्हणजे साधारण ८५ टक्के वेळ झोप लागत असेल, तर झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे घ्या. असंच दर आठवड्याला, दिवसा ताजंतवानं वाटेपर्यंत. पहिला आठवडा जड जातो आणि काही जण तिथंच सोडतात. हे आधीच सांगून ठेवा. त्या दिवसांत गाडी, ट्रॅक्टर, शिडी बंद.

घोरताना श्वास अडकतो, फिट येते किंवा मनाच्या आजारावर उपचार चालू आहेत, अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. झोपेची गोळी चालू असेल तर ती एकदम तोडू नका. डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करा.