घरच्या बॉयलरमधलं काळं पाणी: ब्रिटनमध्ये हीटिंगचं काम शिकणाऱ्यांसाठी

आयटीआयला बॉयलर अटेंडंटचा कोर्स आणि नंतर कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात पाळ्या, एवढ्या शिदोरीवर मी इंग्लंडमध्ये घरगुती हीटिंगच्या कामाला लागलो. माझ्यासारखे आणखी बरेच जण या वाटेने येतात, म्हणून पाण्याच्या केमिकलबद्दल थोडं लिहितो. कॉलेजात हा भाग पटकन उरकतात, आणि रोजच्या कामात निम्मी डोकेदुखी त्याचीच असते.

कारखान्यात पाण्याची वाफ होऊन ती निघून जाते, क्षार मागे साठतात, म्हणून आपण ब्लोडाऊन देत राहतो, म्हणजे क्षारांचं थोडं पाणी बाहेर सोडत राहतो. इथल्या घरात वाफ होतच नाही. पंप तेच पाणी बॉयलरमधून रेडिएटरमध्ये आणि परत बॉयलरमध्ये, असं वर्षानुवर्षं फिरवतो. तीन बेडरूमच्या घरात हे सगळं पाणी मिळून साधारण १०० लिटर. गळतीमुळे सारखं नवं पाणी भरावं लागत नसेल, तर क्षार वाढायला कारण नाही. त्रास होतो तो गंजाचा. रेडिएटर पोलादाचे, पाइप बहुतेक तांब्याचे. पाण्यातल्या ऑक्सिजनने पोलाद झिजतं आणि मॅग्नेटाइट नावाचं लोहाचं काळं ऑक्साइड तयार होतं. ते काजळीसारखं बारीक असतं, पण जड. जिथे प्रवाह मंद तिथे बसतं.

म्हणून केमिकलची बाटली उघडण्याआधी रेडिएटरला हात लावून बघा. रेडिएटर वर गरम आणि खाली मध्यभागी गार असेल, तर गाळ बसलाय. वर गार आणि खाली गरम असेल, तर आत हवा आहे. एखाद्या घरात ही ‘हवा’ दर आठवड्याला सोडावी लागत असेल, तर ती हवा नसून गंजताना सुटलेला हायड्रोजनही असू शकतो. तो पेट घेतो. काडी ओढून खात्री करणारे उस्ताद भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

बॉयलर उकळत्या किटलीसारखा आवाज करत असेल, तर हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे ज्वाळेची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागावर, चुना किंवा गाळ धरलाय असं समजा. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी खडूच्या खडकातून येतं, त्यामुळे जड, म्हणजे चुना जास्त असलेलं. स्कॉटलंडचं बहुतांशी मऊ. कॉम्बी बॉयलरमध्ये (रेडिएटर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा) मात्र नवीन माणूस हमखास एका गोष्टीत गोंधळतो. आंघोळीचं पाणी मध्येच गरम, मध्येच गार येत असेल आणि प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये (रेडिएटरच्या पाण्याने नळाचं पाणी तापवणारा भाग) नळाच्या बाजूने चुना धरला असेल, तर रेडिएटरच्या पाण्यात कितीही केमिकल ओता, ते तिथे पोहोचतच नाही. दोन्ही पाणी वेगवेगळ्या वाटांनी जातं. ती प्लेट काढून वेगळी साफ करावी लागते, नाहीतर बदलावी लागते.

आता बाटल्यांकडे येऊ. क्लीनर गाळ सोडवतो, उदाहरणार्थ सेंटिनेलचा एक्स४०० किंवा फर्नॉक्सचा एफ३. इन्हिबिटर पुढचा गंज रोखतो, म्हणजे त्याच कंपन्यांचे एक्स१०० आणि एफ१. क्लीनर मळ मोकळा करतो, बाहेर काढत नाही. बाहेर काढायचं काम पाण्याचं आणि तुमचं. क्लीनर घालून तसाच सोडणं किंवा घाणेरड्या पाण्यात इन्हिबिटर ओतून पैसे घेणं, दोन्ही मी पाहिलंय. दुसरा प्रकार मला तरी फसवणूकच वाटते. आम्लाचा क्लीनर असेल तर आणखी जपून. पुष्कळ बॉयलरचे हीट एक्स्चेंजर ॲल्युमिनियमचे असतात. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली दोन्ही त्याला खातात. आधी बॉयलरचं मॅन्युअल आणि बाटलीवरचं लेबल वाचा.

ओतायची सोयीची जागा म्हणजे मॅग्नेटिक फिल्टर, म्हणजे पाइपवरचा काळा गाळ चुंबकाने धरणारा डबा. तो नसेल तर टॉवेल रेलचं वरचं टोक, आणि जुन्या उघड्या पद्धतीत माळ्यावरची छोटी टाकी. मग सगळे व्हॉल्व्ह उघडून हीटिंग चालू. लेबलवर दिलेला वेळ झाला की पाणी काढा, आणि ते मैल्याच्या नालीतच सोडा. पावसाच्या पाण्याची नाली बहुधा थेट ओढ्याला नाहीतर नदीला मिळते. धुणं कधी थांबवायचं? इथे कारखान्यातलं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, परत हातात येतं. बाहेर पडणाऱ्या पाण्याचं रीडिंग नळाच्या पाण्याच्या १० टक्क्यांच्या आत आलं की पुरे. नुसतं नितळ दिसतंय म्हणून थांबू नका, विरघळलेला क्लीनर डोळ्याला दिसत नाही.

काम सुरू करण्याआधी घरमालकाला सांगा की जुन्या रेडिएटरला आतून बारीक भोकं पडलेली असतील, तर आजवर ती गाळानेच बुजलेली आहेत. धुतल्यावर गळू शकतात. हे आधी सांगितलं तर ती माहिती ठरते, नंतर सांगितलं तर सबब.

कायद्याचं थोडक्यात. पाण्याच्या बाजूचं काम करायला गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसचं काम करायला परवानगी असलेल्यांच्या यादीत, नाव असावं लागत नाही. २००९ पासून कॉर्गी या जुन्या नोंदणीच्या जागी हे रजिस्टर आलं आणि गॅसच्या कोणत्याही कामाला ते लागतंच. त्यामुळे शिकाऊ माणसाच्या हाती पहिल्यांदा फ्लशिंगच, म्हणजे हे धुण्याचं काम येतं, आणि एनव्हीक्यूच्या (इथली कामावर आधारित पात्रता) पोर्टफोलिओसाठी खऱ्या कामांचे पुरावेही तिथेच जमवता येतात. बीएस ७५९३ हे हीटिंगच्या पाण्याबद्दलचं ब्रिटिश मानक मात्र पाठ असू द्या. त्याच्या २०१९ च्या आवृत्तीनुसार फिल्टर बसवायचा, दरवर्षी इन्हिबिटर तपासायचा, आणि दर ५ वर्षांनी एक तर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यायचं किंवा नवा डोस द्यायचा.

शेवटी बॉयलरच्या बेंचमार्क तक्त्यात (बॉयलर बसवताना भरायचा नोंदींचा तक्ता) क्लीनरचं नाव, इन्हिबिटरचं नाव आणि किती लिटर घातलं ते लिहा, तारखेसह. नव्या बॉयलरच्या वॉरंटीचा वाद निघाला की कंपनीचा माणूस तेच पान आधी उघडतो.