पडदा आत नको, सावली बाहेर हवी

दुपारनंतर पश्चिमेची खोली भट्टीसारखी तापते, तेव्हा आपण आतून जाड पडदा ओढतो. उजेड कमी होतो, उकाडा मात्र फारसा हटत नाही. कारण तोपर्यंत ऊन काचेतून आत आलेलं असतं. पडदा ते शोषून घेतो, स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. काच ऊन सहज आत घेते, पण तापलेल्या वस्तूंमधून निघणारी उष्णता तशी बाहेर जाऊ देत नाही.

म्हणून ऊन काचेला लागण्याआधीच अडवा. खिडकीच्या बाहेरून बांबूची चिक, शेडनेट किंवा उघडझाप करता येणाऱ्या लाकडी झडपा लावा. चिक आणि काच यांच्यात थोडी मोकळी जागा ठेवा, म्हणजे मधली तापलेली हवा वरून निघून जाईल. वाऱ्याने आपटू नये म्हणून चिक खालूनही बांधा. हे हमखास राहून जातं.

पश्चिमेला नुसत्या छज्जावर भिस्त ठेवू नका. संध्याकाळचा सूर्य खाली असतो, ऊन छज्जाखालून सरळ आत शिरतं. तिथे उभ्या आडोशाचीच सोय लागते. पूर्वेलाही सकाळी तेच. उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या खिडकीला मात्र आडवा छज्जा छान चालतो: उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने ऊन अडतं, हिवाळ्यात तो कलल्यावर आत येतं.

रात्री बाहेर गारवा आला की चिक गुंडाळा आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडा. भिंती रात्रभरात निवतात. एसी घ्यायचाच असेल, तर हे सगळं करून झाल्यावर त्याचं टनेज (थंड करण्याची क्षमता) ठरवा. बहुधा लहान पुरतो.