स्वीय सहाय्यक व्हायचंय? तयारी अशी करा

एक्झिक्युटिव्ह असिस्टंट, पीए, स्वीय सहाय्यक, ॲडमिन असिस्टंट अशी पदांची नावं बरीच आहेत. काम मात्र एकच: वरिष्ठांचा वेळ आणि त्यांच्यापर्यंत जाणारी माहिती सांभाळणं. कंपनी सेक्रेटरी यात धरू नका, तो कायद्याचा वेगळा अभ्यासक्रम आहे. बारावी कॉमर्सला ‘चिटणीसाची कार्यपद्धती’ हा विषय घेतला असेल तर पत्रांचे नमुने ओळखीचे वाटतील, पण तेवढ्यावर नोकरी मिळत नाही.

सरकारी की खासगी, हे आधी ठरवा

सरकारी नोकरी हवी असेल तर लघुलेखन, म्हणजे शॉर्टहँड (बोललेलं खुणांच्या लिपीत झरझर उतरवणं), शिकावंच लागतं. राज्य शासनात लघुटंकलेखकाला मिनिटाला ८० शब्दांचा वेग लागतो, निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० आणि उच्चश्रेणीला १२०. त्याच्या जोडीला टंकलेखनाचं प्रमाणपत्र हवं, मराठी ३० किंवा इंग्रजी ४०. या परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, म्हणून क्लासला पैसे भरण्याआधी संस्था शासनमान्य आहे का ते विचारा. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची स्टेनोग्राफर परीक्षा बारावीवर देता येते. तिथे ‘ड’ श्रेणीला ८० आणि ‘क’ श्रेणीला १०० चा वेग असतो, आणि डिक्टेशन सलग १० मिनिटं चालतं. आयटीआयमध्येही याचा एक वर्षाचा ट्रेड आहे.

खासगी कंपन्यांत शॉर्टहँड आता क्वचितच कुणी विचारतं. तिथे एक्सेल, ईमेल आणि फोनवरचं बोलणं पाहतात.

टायपिंग आणि संगणक

कीबोर्डकडे न बघता टाइप करायला शिका. आधी अचूकता, मग वेग. मराठीसाठी रेमिंग्टन किंवा इन्स्क्रिप्ट यांपैकी कीबोर्डची एकच मांडणी धरा. दोन्ही एकदम शिकायला गेलं की बोटं गोंधळतात. एमएस-सीआयटीने पाया तयार होतो. पुढे मेल मर्ज (एकच पत्र अनेकांच्या नावांनी तयार करणं), सॉर्ट, फिल्टर आणि पिव्हट टेबल (मोठ्या तक्त्याचा गोषवारा) स्वतः करून बघा. एक्सेलचा तक्ता छापताना शेवटचा रकाना दुसऱ्या पानावर जाऊ न देणं ही गोष्ट किरकोळ वाटते, पण नवा माणूस नेमका तिथेच अडकतो.

इतिवृत्त लिहायला शिका

इतिवृत्त म्हणजे सभेत काय ठरलं याची लेखी नोंद. माझ्या मते खरं शिक्षण इथे आहे आणि ते फुकट मिळतं. तुमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगा, ‘काका, यंदाच्या सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा मी लिहू का?’ बहुतेक वेळा ते आनंदाने हो म्हणतील. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे नोटीस, विषयपत्रिका, हजेरी, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी), ठराव, सूचक-अनुमोदक (ठराव मांडणारा आणि त्याला पाठिंबा देणारा) असं सगळंच एका सभेत हाताखालून जातं.

लिहिताना कोण किती तावातावाने बोललं ते सोडून द्या. काय ठरलं, ते कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढंच पकडा. पार्किंगवर पाऊण तास भांडण झालं तरी इतिवृत्तात त्याच्या तीन ओळी व्हायला हव्यात, आणि त्या तीन ओळी दोन्ही बाजूंना मान्य असायला हव्यात. मसुदा त्याच रात्री लिहून काढा, नंतर आठवणी एकमेकींत मिसळतात.

कॅलेंडर

दोन बैठकांमध्ये मोकळा वेळ ठेवणं, जेवणाची वेळ न खाणं, मुंबईत अंधेरीहून फोर्टला जायचं असेल तर प्रवासही कॅलेंडरवर टाकणं, हे सवयीने जमतं. परदेशी वेळांचा मात्र अभ्यासच करावा लागतो. लंडन आपल्यामागे हिवाळ्यात साडेपाच तास असतं, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क साडेदहा आणि साडेनऊ. त्यातही मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे सरकतात, आणि ब्रिटनमधली त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत पुणे, लंडन आणि न्यूयॉर्क यांची ठरलेली बैठक कुणा ना कुणाची हमखास चुकते. फेब्रुवारीतच अशा बैठका तपासून ठेवणारा सहाय्यक साहेबांच्या लक्षात राहतो.

प्रवासाचं थोडक्यात: तिकिटावरचं नाव ओळखपत्राप्रमाणे आहे ना ते बघा, पासपोर्टची मुदत आधी तपासा. तत्काळ आरक्षण आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी १० ला आणि बाकीच्या वर्गांसाठी ११ ला उघडतं.

फोन आणि गुप्तता

‘साहेब डॉक्टरकडे गेलेत’ असं बाहेरच्याला सांगायचं नाही. ‘मॅडम आत्ता फोनवर येऊ शकत नाहीत, काय निरोप देऊ?’ एवढं पुरतं. नाव, नंबर, काम आणि निकड लिहून घ्या. पगार, बदल्या, मुलाखती यांचे कागद डोळ्यांखालून जातात. जेवणाच्या टेबलावर सहकाऱ्यांनी कितीही खोदून विचारलं तरी तो विषय हसून बदलता आला पाहिजे.

अर्ज करताना

पहिलीच नोकरी थेट संचालकांच्या हाताखाली मिळेल ही अपेक्षा नको. रिसेप्शन, बॅक ऑफिस किंवा आवक-जावक सांभाळणाऱ्या जागाही चालतील. मुलाखतीला सोसायटीच्या इतिवृत्ताचा नमुना न्या, पण सभासदांची नावं आणि फ्लॅट नंबर आधी काढून टाका. बऱ्याच ठिकाणी तिथेच एखादं पत्र किंवा उलटसुलट वेळापत्रक हातात देतात. अशा वेळी लगेच टाइप करायला बसू नका, आधी दोन प्रश्न विचारा: यातलं हलवता येण्यासारखं काय आहे, आणि निर्णय कुणाचा?