व्हॉल्व्ह की सॉलिड-स्टेट? गोव्यातल्या घरासाठी अ‍ॅम्प घेताना या चुका टाळा

घरी गाणं ऐकायला अ‍ॅम्प घ्यायचं ठरलं की वाद ठरलेला: व्हॉल्व्हचा (आत काचेच्या नळ्या असलेल्या जुन्या पद्धतीचा) आवाज गोड, ट्रान्झिस्टरचा, म्हणजेच सॉलिड-स्टेटचा, कोरडा. हा वाद जरा बाजूला ठेवा. स्पीकर कोणते, खोली कशी आणि घरातली वीज कशी, हे आधी बघा. अ‍ॅम्प त्यातूनच ठरतो.

आधी अ‍ॅम्प, मग स्पीकर

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. ३००बी व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड (एका चॅनलला एकच आउटपुट व्हॉल्व्ह असलेला) अ‍ॅम्प एका चॅनलला साधारण ८ वॅट देतो, ईएल३४ व्हॉल्व्हची पुश-पुल (दोघांनी आळीपाळीने काम करणारी) जोडी ३० ते ४०. हे पुरेसं आहे का, ते स्पीकरची सेन्सिटिव्हिटी सांगते, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर तो किती डीबी (आवाजाच्या पातळीचं माप) आवाज काढतो. आवाज ३ डीबीने वाढवायला दुप्पट वॅट लागतात, १० डीबीने वाढवायला दसपट. म्हणजे ९४ डीबीच्या स्पीकरवर जे ८ वॅटमध्ये होतं, त्याला ८४ डीबीच्या स्पीकरवर ८० वॅट हवेत. लहान बुकशेल्फ स्पीकर बहुतेक ८४ ते ८८ डीबीचे असतात. ८ वॅटवर त्यांतून विलंबित आलाप सुरेख ऐकू येतो, पण द्रुत लयीत तान आणि तबला एकत्र आले की आवाज चेपतो.

यातही एक मेख आहे. हा आकडा पुष्कळदा २.८३ व्होल्टवर मोजलेला असतो. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरसाठी तो १ वॅट होतो, ४ ओहमच्या स्पीकरसाठी २ वॅट. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरवर असे ८८ डीबी छापले असतील तर १ वॅटच्या हिशेबाने ८५ धरा.

ओहमकडे दुर्लक्ष

८ ओहम छापलेला स्पीकर काही फ्रिक्वेन्सींना ३-४ ओहमपर्यंत उतरतो, काहींना २०च्या वर चढतो. सॉलिड-स्टेटचा आउटपुट इम्पिडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा त्याचा स्वतःचा अडथळा) सहसा अगदी कमी असल्याने त्याला याचा फारसा फरक पडत नाही. फीडबॅक (आउटपुटचा अंश मागे देऊन चूक सुधारणारी जोडणी) नसलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा मात्र २-३ ओहमही असू शकतो. मग स्पीकरचा इम्पिडन्स जिथे चढतो तिथे आवाजही चढतो, आणि हा चढ बहुधा खालच्या पट्टीत येतो.

हे तपासायला डग्गा ऐका. घिस्सा मारल्यावर सूर कसा वर सरकतो ते स्पष्ट कळायला हवं. नुसता घुमारा रेंगाळत असेल तर अ‍ॅम्प बंद करून वायर ८ ओहमच्या टर्मिनलवरून ४ ओहमच्या टर्मिनलला लावा आणि पुन्हा ऐका. पुष्कळदा एवढ्यानेच डग्गा आवरतो.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकर न जोडता वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. सॉलिड-स्टेटला रिकामं चालतं, पण स्पीकरच्या दोन वायरी एकमेकींना टेकल्या की आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतात.

टाइल्सचा दोष ट्रान्झिस्टरवर

फोंडा-मडगावच्या फ्लॅटमध्ये खाली टाइल्स, वर स्लॅब, भिंती उघड्या. तिथे कुठलाही अ‍ॅम्प कर्कश वाटेल. नवा अ‍ॅम्प घेण्याआधी स्पीकरसमोर जाड सतरंजी अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा. हे मी कळकळीने सांगतो, कारण यात वाचणारे पैसे स्पीकरवर घालता येतात.

दुकानात तुलना करताना दोन्ही अ‍ॅम्पचा आवाज सारखा करून घ्या. किंचित मोठा वाजणारा नेहमीच सरस वाटतो.

पाऊस, खारा वारा आणि लाईट

मांद्रे-कोलव्यासारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत व्हॉल्व्हच्या पिना, सॉकेट आणि आरसीए (सिग्नलच्या वायरी लावायच्या) सॉकेटवर काट चढतो. मग आवाज खरखरतो, मध्येच जातो. पावसाळ्यात अ‍ॅम्प आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका, एक-दोन दिवसांआड अर्धा तास चालवा. आतल्या उबेने दमटपणा उडतो. उबेला मुंग्या आणि पालीही येतात, तेव्हा व्हॉल्व्हवरची जाळी काढून ठेवू नका. काचेच्या बंद कपाटात दोन्ही प्रकारचे अ‍ॅम्प तापतात.

लाईट परत आली की लगेच स्विच दाबू नका, दाब स्थिर होईपर्यंत थांबा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) नसेल तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. त्याच्यावर अ‍ॅम्प चालवूच नये.

मग घ्यावा कोणता?

माझं मत स्पष्ट आहे. साध्या बुकशेल्फ स्पीकरवर सगळ्या प्रकारचं संगीत ऐकणाऱ्या घरात ५० ते ८० वॅटचा चांगला सॉलिड-स्टेट घ्यावा. स्पीकर ९२ डीबीच्या वरचे असतील, व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च झेपत असेल आणि ओढा केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएम रेकॉर्डसारख्या जुन्या गाण्याकडे असेल, तर व्हॉल्व्ह जरूर घ्या. त्या रेकॉर्डमध्ये फार खालचे आणि फार वरचे सूर मुळातच कमी असतात आणि सगळा जीव मधल्या पट्टीत असतो. तिथे थोडेसे वॅटही पुरतात.

बिघाड ओळखताना

गुणगुण येत असेल तर अ‍ॅम्प बंद करून सगळ्या इनपुट वायरी काढा आणि पुन्हा चालू करा. गुणगुण थांबली तर दोष बाहेरचा, बहुधा ग्राउंड लूप (उपकरणांची अर्थ जोडणी एकापेक्षा जास्त वाटांनी होणं). एकेक वायर परत लावत कुठली गुणगुणते ते शोधा. जुन्या घरांत प्लग तीन पिनांचा असूनही अर्थिंग जोडलेलंच नसतं, तेही इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. अ‍ॅम्पची अर्थ पिन तोडून गुणगुण घालवू नका, त्यात जिवाला धोका आहे.

एकाच बाजूने खरखर येत असेल तर गार अ‍ॅम्पमधले डाव्या-उजव्या बाजूचे सारखेच लहान व्हॉल्व्ह अदलाबदल करा. खरखरही बाजू बदलत असेल तर व्हॉल्व्ह खराब, नाहीतर दोष आतला. व्हॉल्व्हच्या काचेवरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे. काचेला लागून दिसणारी मंद निळी झाक निर्धोक असते. आतला धातूचा पत्राच लाल होऊ लागला तर मात्र ताबडतोब बंद करा. खालचं झाकण स्वतः उघडू नका. आत ४०० व्होल्ट किंवा जास्त असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकून राहतात.

जुना सॉलिड-स्टेट विकत घेताना स्पीकर जोडण्याआधी, काहीही न वाजवता, टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. काही व्होल्ट दिसले तर त्याला स्पीकर लावू नका, वूफरची कॉइल जळेल.