लांबलचक इंग्रजी शब्दांत आधी ‘पी-एच’ शोधा

इंग्रजीतला लांब शब्द घोकत बसू नका. त्यात ‘पी’ला चिकटून ‘एच’ दिसला आणि उच्चार ‘फ’ होत असेल, तर शब्द बहुधा ग्रीकमधून आलेला असतो आणि त्याचे तुकडे पाडता येतात. ‘फोटोसिंथेसिस’ घ्या: फोटो म्हणजे प्रकाश, सिंथेसिस म्हणजे जुळवणी. प्रकाशसंश्लेषण! ‘फोबिया’ म्हणजे भीती, म्हणून ‘हायड्रोफोबिया’ म्हणजे पाण्याची भीती. रेबीजचं हे जुनं नाव, कारण त्या रोग्याला पाणी गिळताना घशात पेटके येतात.

सगळ्यात जास्त दगा देतो तो ‘ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट’, म्हणजे नेत्रतज्ज्ञ. पंधरा अक्षरं, आणि चूक हमखास सुरुवातीलाच. लोक ‘ओ-पी-टी-एच’ लिहून मोकळे होतात. खरं स्पेलिंग ‘ओ-पी-एच-टी-एच’, म्हणजे एच दोनदा. बरेच जण उच्चारही ‘ऑप्थॅल्मॉ’ करतात, तिथेच पहिला एच गळतो. लिहिताना मनात ‘ऑफ-थॅल्मॉ’ म्हणा, एच जागेवर येतो. पुढचं ‘लॉजिस्ट’ तर ओळखीचंच.

‘सायकॉलॉजी’ आणि ‘न्यूमोनिया’ यांत पी पुढे उभा असतो, पण बोलत नाही. पहिल्यात मन, दुसऱ्यात फुप्फुस. ‘डायरिया’च्या ब्रिटिश स्पेलिंगमधले दोन आर, एच आणि मागचा स्वरांचा घोळका मात्र पाठच करावा लागतो. तिथे उच्चार काडीची मदत करत नाही.