जुन्या रिव्हॉल्वरवरचे छाप वाचताना
मालगुजारी वाड्यातल्या एखाद्या पेटीत पणजोबांचं रिव्हॉल्वर निघालं, तर आधी ठाण्यात कळवा. परवान्याचा प्रश्न आहे, शिवाय आत गोळी असू शकते. ते रिकामं केल्यावरच छाप बघा. पॉलिश पेपरनं घासायचा मोह आवरा, गंजासोबत अक्षरंही जातात. पुसट अक्षरांवर खडू फिरवून भिंगातून पाहा. मुकुटाखाली 'बी' आणि 'व्ही' ही इंग्रजी अक्षरं दिसली, तर ती बर्मिंगहॅमच्या तपासणीची खूण, १९०४ नंतरची. रोमन सहाचा 'मार्क', म्हणजे मॉडेलचा क्रमांक, असलेलं वेब्ली या ब्रिटिश कंपनीचं रिव्हॉल्वर १९१५च्या आधीचं नसतं. फसवतं ते पेटंटचं वर्ष! ते पेटंटचं असतं. रिव्हॉल्वर त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेलं असू शकतं.